बारावीनंतरच्या प्रवेशांचं मार्गदर्शन पूर्णवेळ काम म्हणून करायचं असेल तर

सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्या एमएस्सी, बीएड आहेत आणि तालुक्याच्या गावात कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवतात. दर जूनमध्ये मुलं आणि पालक नीट-सीईटीचे निकाल घेऊन त्यांच्याकडे येतात. त्या जमेल तसं सांगतात, आणि हे काम त्यांना मनापासून आवडतं. आता हेच पूर्णवेळ करावं असं त्यांच्या मनात आहे. त्या विचारतात : मानसशास्त्रात एमए करावं लागेल का? परवाना लागतो का? आणि यावर घर चालेल का?

बाई, मी हे काम कोल्हापुरात करते. आधी शिकवणं सांभाळून करत होते, आता पूर्णवेळ. तुमच्या प्रश्नात तीन वेगळी कामं एकत्र झाली आहेत, ती आधी सुटी करू. पहिलं काम मानसिक समुपदेशनाचं : ताण, भीती, घरातली भांडणं, अपयशानंतरचं खचणं. दुसरं काम कल आणि अभिक्षमता, म्हणजे एखादी गोष्ट शिकण्याची अंगची कुवत, पाहून मुलाला दिशा सुचवण्याचं. तिसरं काम प्रवेशप्रक्रियेचं : परीक्षा, कागदपत्रं, फेऱ्या, पर्यायांचा अर्ज, शुल्क, शिष्यवृत्ती. तिन्ही करणाऱ्यांना आपल्याकडे ‘कौन्सेलर’च म्हणतात, पण तिघांचं शिक्षण वेगळं आणि जबाबदारीही वेगळी. तुम्ही ज्याचं वर्णन केलंत ते तिसरं काम आहे, थोडं दुसरं. पहिल्यात अर्धवट तयारीने शिरू नका.

तिसऱ्या कामासाठी महाराष्ट्रात कसलाही परवाना नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो, आणि लावतातही. म्हणून तुमची पदवी कोणती यापेक्षा तुम्हाला नियम किती अचूक माहीत आहेत आणि तुमचे पैसे कुणाच्या खिशातून येतात, या दोन गोष्टींवर तुमची किंमत ठरणार आहे. दुसऱ्या गोष्टीकडे मी सविस्तर येते, कारण या धंद्यात माणसं बिघडतात ती तिथेच.

दिशा सुचवण्याच्या कामासाठी मात्र शिक्षण घ्याच. विज्ञानाच्या पदवीवर तुम्हाला एक चांगला रस्ता मोकळा आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम मुख्यतः शिक्षकांसाठीच आखलेला आहे. त्याचा काही भाग घरी राहून करायचा, काही महिने प्रत्यक्ष हजेरीचे, शेवटी आपल्याच भागात सराव. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. याचा थेट उपयोग असा की, सीबीएसईच्या शाळांत समुपदेशकाच्या पदासाठी मानसशास्त्राची पदवी चालते, तशीच कोणत्याही विषयातली पदवी आणि जोडीला करिअर मार्गदर्शनाची पदविकाही चालत आली आहे. पुढेमागे नोकरीची वेळ आली तर हा कागद कामाला येईल. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, या दोन्ही ठिकाणी मराठी मुलांच्या चाचण्यांचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. तिथलं प्रशिक्षण मिळालं तर घ्या, कारण चाचणीचा अहवाल कसा वाचायचा आणि कसा वाचायचा नाही, हे तिथे शिकायला मिळतं.

मानसशास्त्रात एमए करायचंच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आतापर्यंत नोकरी करणाऱ्यांचा सरळ मार्ग दूरस्थ शिक्षणाचा होता. 2021च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात येणारे विषय, त्यात मानसशास्त्रही आलं, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत असं यूजीसीने 2025च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सांगितलं आहे. त्यामुळे ‘घरबसल्या दोन वर्षांत मानसशास्त्रात एमए’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाची त्या वर्षाची मान्यता पाहा. नियमित एमए करायचं तर शिकवणं सांभाळून करणं कठीण आहे. माझं मत विचाराल तर तुम्हाला आत्ता एमएची गरज नाही.

तरीही पहिल्या कामाच्या, म्हणजे मानसिक समुपदेशनाच्या, जागा वाढणार आहेत हे सांगायला हवं. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने, कोचिंग क्लाससुद्धा त्यात आले, किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं त्यात आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. तुमच्या गावातल्या क्लासमध्ये किती मुलं आहेत ते आठवून पाहा. तुमच्या ओळखीत कुणी तरुण मुलगी मानसशास्त्रात एमए करून घरी बसली असेल तर तिला या सूचना दाखवा, आणि तिच्याशी तुमचं नातं आत्तापासून जोडून ठेवा. तुमच्यासमोर बसलेलं मूल ‘झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही’ असं म्हणेल तेव्हा त्याला कुठे न्यायचं, हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवं. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही मिळते. हा क्रमांक तुमच्या टेबलावर लिहिलेला असू द्या. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्याने ती माहिती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

आता खऱ्या कामाकडे येते.

प्रवेशाचं ज्ञान म्हणजे कटऑफ तोंडपाठ असणं असा पुष्कळांचा समज आहे. कटऑफची यादी आज कुणालाही मोबाइलवर मिळते. पालकांचं गाडं अडतं ते ती यादी वाचण्यात. अभियांत्रिकीच्या यादीत ‘जी-ओपन-एच’, ‘एल-ओबीसी-एस’ अशी अक्षरं असतात. पहिलं अक्षर सर्वसाधारण जागा की मुलींची जागा हे सांगतं, मधलं प्रवर्ग सांगतं, शेवटचं अक्षर ती जागा राज्यपातळीवरची, त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांची की बाहेरच्यांची हे सांगतं. सांगलीच्या मुलीचा बाप पुण्याच्या कॉलेजची भलतीच ओळ वाचतो आणि ‘आपल्याला मिळतंय की’ म्हणून निश्चिंत होतो. तिची ओळ कोणती, हे बोट ठेवून दाखवणं हे तुमचं काम.

दुसरी अडचण पर्सेंटाइलची. सीईटीला 90 पर्सेंटाइल पडले की घरात पेढे वाटले जातात, कारण दहावीचे 90 टक्के सगळ्यांच्या डोक्यात असतात. 2025 साली एमएचटी-सीईटीचा पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट चार लाखांहून जास्त मुलांनी दिला. 90 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्यापुढे चाळीस हजारांवर मुलं आहेत. हे सांगताना पालकांचा चेहरा उतरतो. पण ते जूनमध्येच सांगावं लागतं, ऑगस्टमध्ये सांगून उपयोग नसतो. आणि सांगताना लगेच पुढचं वाक्यही तयार ठेवावं लागतं : या गुणांवर कुठल्या कॉलेजात, कुठली शाखा, किती खर्चात.

सर्वांत जास्त वेळ जातो तो पर्यायांच्या अर्जात, आणि जावाही. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. 2025पासून अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या झाल्या आणि जागा गोठण्याचे नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तर तिथेच थांबावं लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. चौथ्या फेरीत मिळेल ते अंतिम. म्हणजे वरचे सहा पर्याय हा आता सगळ्या अर्जाचा जीव आहे. मित्राची यादी चिकटवून चालत नाही.

एका मुलीचं सांगते. एसटीत वाहक असलेल्या वडिलांची मुलगी, ओबीसी, पर्सेंटाइल ऐंशीच्या घरात. तिसऱ्या फेरीसाठीचा अर्ज नेट कॅफेवाल्याने भरून दिला होता, फक्त पक्का करायचा बाकी होता. मी तिला संगणकापासून उठवलं आणि कोरा कागद दिला. म्हटलं, अर्जातले पहिले सहा इथे लिही, आणि प्रत्येकासमोर एकच लिही : उद्या इथे जागा मिळाली तर बॅग भरून जाशील का? पहिलं नाव लिहिताना ती थांबली. नागपूरचं कॉलेज होतं, सिव्हिल शाखा. तिला सिव्हिल नको होतं, आणि आईची नागपूरला पाठवायची तयारी नव्हती. कॅफेवाल्याने आधीच्या मुलाची यादी तशीच ओढून घेतली होती. चौथ्या क्रमांकावरच्या कॉलेजात मुलींसाठी वसतिगृह आहे का, हे वडिलांना तिथेच फोन लावून विचारायला सांगितलं. ते नव्हतं, आणि त्यांनी ते नाव स्वतः खोडलं. तासाभराने जी सहा नावं उरली त्यांत तिन्ही माणसांची संमती होती. त्यात इस्लामपूर होतं, कराड होतं, आणि सर्वांत वर तिला मिळणं अवघड असलेलं सांगलीचं वालचंदही होतं. ते वर ठेवायला हरकत नव्हती. अवघड कॉलेज वर टाकल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही. नको असलेलं कॉलेज वर टाकलं तर मात्र जातो. एवढं एक तत्त्व पालकांच्या मनात रुजलं तर तुमचं निम्मं काम झालं.

इथे दोन नियम मी कधीही मोडत नाही, तुम्हीही मोडू नका. अर्जात मोबाइल क्रमांक मुलाचा किंवा पालकाचाच घालायचा, तुमचा नाही. आणि कीबोर्डवर मूलच बसेल, तुम्ही शेजारच्या खुर्चीवर. पासवर्ड तुमच्या वहीत लिहून ठेवायचा नाही, ओटीपी विचारायचा नाही. असे पासवर्ड हातात असणारे एजंट मुलाला न विचारता पर्याय बदलून अर्ज पक्का करतात, आणि मग जागा मिळाल्याचा निरोप आधी त्यांच्याच मोबाइलवर येतो.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं वाटतं, पण गावातल्या मुलांच्या जागा जास्त करून इथेच जातात. जात प्रमाणपत्र असतं, जात वैधता नसते. वैधतेचा अर्ज विज्ञान शाखेच्या मुलाने अकरावीतच, कॉलेजच्या शिफारशीसह, जात पडताळणी समितीकडे करायचा असतो. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरची नोंद, आजोबांचा जुना पुरावा, नावातला एका अक्षराचा फरक, यातलं काहीही सहा महिने अडकवू शकतं. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून ते होत नाही. काही वर्षी शासन मुदतवाढ देतं, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही. नॉन-क्रीमी लेयरची मुदत 31 मार्चला संपते, ती पालकांच्या ध्यानात नसते. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, या सगळ्यांचे नमुने वेगवेगळे आणि देणारे अधिकारीही वेगवेगळे. तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयातच आहात, ही तुमची मोठी जमेची बाजू. शहरातला दहा हजार रुपये घेणारा सल्लागार मुलाला पहिल्यांदा भेटतो तो बारावीच्या निकालानंतर. तुम्ही त्याला अकरावीच्या पहिल्या आठवड्यात भेटता.

याच जोडीला शुल्काचे नियम पक्के करा. 2024पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. पण ती केंद्रीभूत फेऱ्यांतून प्रवेश घेतला तर. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे, घाईने ‘सीट बुक’ करणाऱ्या घरांचे चार वर्षांत लाखो रुपये जातात. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागा मंजूर जागांच्या पाच टक्के असतात आणि त्या कोणत्याही प्रवर्गातल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलाला मिळू शकतात. खुल्या प्रवर्गातल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही जीवशास्त्र शिकवता, म्हणून माझा आग्रह आहे की पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटावर हात बसवा. अभियांत्रिकीचं मार्गदर्शन करणारे प्रत्येक गावात सापडतील. नीटच्या मुलांना मात्र सगळे एमबीबीएसबद्दल सांगतात आणि तिथेच थांबतात. 2025 साली नीट देशभरात 22 लाखांवर मुलांनी दिली, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच्या जवळपास खासगी. म्हणजे तुमच्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलांना एमबीबीएस मिळणार नाही, आणि मार्गदर्शन खरं तर त्यांनाच लागतं. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस लोकांना ठाऊक असतात. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवण आणि वाचा उपचार यांचे राज्यातले प्रवेश नीटच्या गुणांवर झाले आहेत, हे थोड्यांना ठाऊक असतं. पशुवैद्यकाचा बीव्हीएस्सी नीटवर, पण प्रक्रिया नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणून त्या अर्जाची तारीख हमखास चुकते. कृषी पदवी सीईटीवर, आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठं. परिचर्येच्या पदवीची सीईटी वेगळी. मूलभूत विज्ञान शिकवणारं पुण्याचं आयसर, ज्याची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र आहे. आता यातल्या प्रत्येक शिक्षणातून पाच वर्षांनी बाहेर पडलेल्या दोन-दोन माणसांना स्वतः भेटा. त्यांना काम काय, कुठे, सुरुवातीला पगार किती, हे विचारा आणि लिहून ठेवा. सांगलीत प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिओथेरपिस्टने स्वतः सांगितलेलं आणि माहितीपत्रकात छापलेलं यात फार फरक असतो, आणि पालकांना तो लगेच कळतो.

‘ड्रॉप घ्यावा का?’ हा प्रश्न तुम्हाला सर्वांत जास्त वेळा येईल. त्याला ठरावीक उत्तर देऊ नका. मी तीन गोष्टी पाहते. पहिल्या प्रयत्नात मुलाने खरोखर किती अभ्यास केला होता : पूर्ण ताकदीने करूनही 720पैकी 350 आले असतील, तर आणखी एका वर्षात सरकारी कॉलेजपर्यंत जाण्याची शक्यता कमी. पुन्हा परीक्षा देण्याची इच्छा मुलाची आहे की घराची. आणि वर्षभराचा खर्च घर कर्ज न काढता झेपवू शकेल का. तिसऱ्यांदा परीक्षा देऊ पाहणाऱ्या मुलाला मी आधी एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायला लावते, मग बाकीचं बोलते.

कल आणि अभिक्षमतेच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. राज्य मंडळाने 2016 साली दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली, तेव्हापासून हा विषय गावोगावी पोचला. अभिक्षमता, आवड आणि स्वभाव या तिन्हींच्या चांगल्या चाचण्या आहेत, पण त्या मराठीत आणि आपल्या मुलांवर पडताळलेल्या असल्या पाहिजेत. इंग्रजी चाचणीत मराठी माध्यमाच्या मुलाचे भाषिक गुण कमी येतात आणि त्याला ‘वकिली जमणार नाही’ असं सांगितलं जातं. असं झालेलं मी पाहिलं आहे आणि ते अन्यायाचं आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या डीएमआयटीच्या वाटेला मात्र मुळीच जाऊ नका. तिला शास्त्रीय आधार नाही. तिची फ्रँचायझी घ्या म्हणून तुम्हाला फोन येतील, नफ्याचे आकडे मोठे सांगतील. मुलाच्या आयुष्याचा निर्णय ठशांवर सोपवायला कुणी सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता पैशाचं बोलू.

तुमचं नाव थोडं झालं की जूनच्या सुमारास एखाद्या खासगी कॉलेजचा माणूस भेटायला येईल. बोलणं गोड असेल, सोबत डायरी आणि पेन असेल. तो तुमच्या वर्गातल्या मुलांची नावं आणि फोन क्रमांक मागेल, आणि प्रत्येक प्रवेशामागे एक रक्कम सांगेल. परदेशी शिक्षणाच्या क्षेत्रात हेच रीतसर करारांनी चालतं : विद्यापीठ एजंटला पहिल्या वर्षाच्या शुल्कातला हिस्सा देतं आणि पालकांना ‘सल्ला मोफत’ म्हणून सांगितलं जातं. ही रक्कम तुमच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त असू शकते, म्हणून नकार जिवावर येतो, हे मला कळतं. पण एकदा ती घेतली की त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रं नाहीत, तिथले प्राध्यापक दर वर्षी बदलतात, हे तुमच्या तोंडून निघणार नाही. आणि मुलीला फेऱ्यांतून पूर्ण सवलतीची जागा मिळत असताना तुम्ही तिला कोट्यातली जागा सुचवाल. कॅपिटेशन फी घेण्यावर आपल्या राज्यात 1987पासून कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय पैसे मागणाऱ्याच्या आणि पालकांच्या मध्ये तुम्ही उभ्या असाल तर गुन्ह्यात तुमचंही नाव येऊ शकतं. म्हणून शुल्क फक्त पालकांकडून, आधी ठरवून, पावती देऊन. आणि हे तुमच्या खोलीच्या भिंतीवर लिहून लावा : आम्ही कोणत्याही कॉलेजकडून पैसे घेत नाही. मुलांच्या फोन क्रमांकांची यादी कुणालाही द्यायची नाही, मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी.

घर चालेल का? सुरुवातीला एकट्या यावर नाही. तालुक्याच्या गावात दोन हजार रुपये फी सांगितली तरी पालक ‘सांगण्याचे कसले पैसे’ म्हणतात, कारण आजवर तुम्ही ते फुकट सांगत आलात. चाचणी आणि अहवाल यांपासून सुरुवात करा, त्याचे पैसे देणं लोकांना पटतं. मग मेपासून सप्टेंबरपर्यंत अख्ख्या हंगामाची सोबत, एका कुटुंबाचे पाच हजार धरा. पहिल्या वर्षी चाळीस कुटुंबं मिळाली तर दोन लाख होतात, त्यातून जागेचं भाडं, छपाई, प्रवास वजा करा. म्हणून दोन हंगाम तरी तासिका सोडू नका. ऑक्टोबर ते मार्च हा काळ रिकामा जातो असं समजू नका : शाळांत नववी-दहावीच्या चाचण्या, अकरावीची कागदपत्रं, डिप्लोमा आणि आयटीआयबद्दल पालकसभा, हे तेव्हाच होतं आणि पुढच्या जूनची माणसं त्यातूनच येतात. ज्यांना परवडत नाही अशा काही मुलांना दर वर्षी फुकट घ्या, पण ते तुम्ही ठरवून घ्या. घासाघीस करून फी कमी करायला लावणाऱ्याला नाही.

पुण्या-मुंबईच्या आंतरराष्ट्रीय शाळांत परदेशी विद्यापीठांच्या अर्जांसाठी वेगळे समुपदेशक असतात. पगार चांगला असतो. तिथे इंग्रजी लेखनावर पकड, अमेरिकेच्या कॉमन अ‍ॅपची आणि ब्रिटनच्या यूकासची माहिती लागते, आणि निबंध मुलाकडून लिहून घ्यायची चिकाटी लागते. तुमची तिकडे जायची इच्छा दिसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

एक कसब कुठल्याच पदविकेत नीट शिकवत नाहीत, ते म्हणजे तीन माणसांशी एकाच वेळी बोलणं. टेबलापलीकडे वडील बोलत असतात, आई मुलाकडे पाहत असते, मूल मोबाइलकडे. वडिलांना मुलासमोर चुकीचं ठरवलंत तर ते पुन्हा येणार नाहीत, आणि मुलाचा निर्णय तुमच्याविना घरी होईल. मी पहिली पंधरा मिनिटं मुलाशी एकटीने बोलते, वडिलांना सांगून. त्याला आवडता विषय विचारत नाही, कारण उत्तर पाठ असतं. ‘गेल्या महिन्यात कुणी न सांगता काय केलंस?’ असं विचारते. कुणी बाइकचं इंजिन खोललेलं असतं, कुणी गल्लीतल्या लहान मुलांची शिकवणी घेत असतं, कुणी गोठ्यातल्या आजारी गाईजवळ रात्र काढलेली असते. मग पालकांसमोर मुलालाच ते सांगायला लावते. वडिलांना ते बहुधा माहीत असतं, पण त्याचा आणि प्रवेशाचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलेलं नसतं.

नियम दर वर्षी बदलतात, हे शेवटी पुन्हा सांगते. 2024मध्ये बीबीए, बीसीएसारखे अभ्यासक्रम अचानक सीईटीखाली आले. कित्येक मुलांना पत्ता लागला नाही आणि नंतर पुरवणी सीईटी घ्यावी लागली. 2025-26पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. म्हणून दर वर्षी सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका छापून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा, बदललेल्या ओळीखाली रेघ मारा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नियम मूळ पुस्तिकेत सापडल्याशिवाय पालकांना सांगू नका. शक्य असेल तर येत्या हंगामात जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासायला बसायची परवानगी मागा. मानधन फार नसतं, पण दोन आठवड्यांत शेकडो फायली हातातून जातात आणि कुठला कागद कुठे अडतो ते कळतं.

आणि जूनची वाट पाहू नका. तुमच्या अकरावीच्या वर्गात राखीव प्रवर्गातली जितकी मुलं आहेत त्यांची यादी या आठवड्यात करा. वैधता कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, ते विचारा. नसलेल्यांना एका शनिवारी पालकांसह बोलवा, वडिलांचा शाळेचा दाखला आणि जुने पुरावे घेऊन यायला सांगा, आणि अर्ज तिथेच भरून घ्या.